दिवाणजी गेला, पासवर्ड राहिला: पोलिसांत जावं की भरपाई मागावी?

बेळगावच्या खडेबाजारातल्या कुठल्याही पेढीवर घडेल अशी गोष्ट घ्या. जुना दिवाणजी काम सोडून कोल्हापूरला गेला. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड कुणी बदलला नाही. एका रात्री उधारीची यादी कुणीतरी उतरवून घेतली आणि मूळ पुसून टाकली.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये यासाठी दोन वाटा आहेत. कलम ४३ भरपाईचं, कलम ६६ फौजदारी. कृत्य तेच, फरक हेतूचा. ४३ ला परवानगीशिवाय हात घातला एवढं पुरतं. ६६ ला तो अप्रामाणिकपणे किंवा कपटानं घातला हेही सिद्ध करावं लागतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र गुन्हा जामीनपात्र आहे. ‘त्याला आत टाकतो’ या रागापोटी जाणार असाल तर घरीच बसा.

पैसे हवे असतील तर ४३. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो, दिवाणी कोर्टात नाही. म्हणजे आपल्याला बेंगळुरू, आणि वकिलाचा खर्च वेगळा. लाखभराच्या नुकसानीसाठी मला हे परवडणारं वाटत नाही.

शिवाय दावा लावायला समोर नाव लागतं. दिवाणजीचा नुसता संशय असेल तर पोलीसच बरे. कुठल्या कनेक्शनवरून कोण शिरलं, ही नोंद इंटरनेट कंपनी तुम्हाला देणार नाही, तपास अधिकाऱ्याला द्यावी लागते. बेळगावात त्यासाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) ठाणं आहे. तपास इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरचा अधिकारी करतो. माणूस कोल्हापुरात असला तरी अडत नाही, कायदा केंद्राचा आहे. सीमाप्रश्न इथं तरी आडवा येत नाही. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला गेला तर सहीआधी वाचून, समजावून घ्या आणि प्रत मागा. ती फुकट मिळते, हक्कच आहे तो.

खात्यातून पैसेच गेले असतील तर हा सगळा विचार नंतर. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

वाट कुठलीही धरा, संगणक फॉरमॅट करू नका. आणि ‘पासवर्ड मालकानंच दिला होता’ असं समोरचा म्हणणारच. काम सुटल्यावर ‘आता हिशोबाला हात लावू नकोस’ असा व्हॉट्सअॅपवर एक मेसेज टाकलेला असला, तर तो शोधून ठेवा.