सर्व्हर रूमसाठी एफके-५-१-१२ गॅस सिस्टीम: पैसे वसूल, पण खोली बंदिस्त हवी

नवी मुंबईत महापे-ऐरोलीतल्या छोट्या सर्व्हर रूममध्ये आग विझवायला आमची पसंती एफके-५-१-१२ या गॅसलाच. कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण आग विझवायला खोलीतल्या हवेत किमान ३४ टक्के लागतो. एवढ्या प्रमाणात आत अडकलेला माणूस जगत नाही. एफकेचं काम साडेपाच टक्क्यांच्या आसपास भागतं, माणसासाठी सुरक्षित मर्यादा १० टक्के. एचएफसी-२२७ईए हा तिसरा गॅस माणसाला चालतो, वातावरणाला नाही: तो तापमानवाढीत भर घालतो.

५ × ४ × ३ मीटरच्या खोलीला साधारण ५० किलो गॅस लागतो. कोटेशनमध्ये फॉल्स फ्लोअरखालची (केबलसाठी उचललेल्या फरशीखालची) जागा धरलीय का ते आधी बघा. ती हमखास सुटते.

गॅस १० सेकंदांत बाहेर पडतो, पण खोलीत निदान १० मिनिटं टिकायला हवा. इथेच घोडं अडतं. केबल ट्रेची भोकं उघडी, दाराखाली बोटभर फट, स्प्लिट एसीच्या पाइपभोवती थर्माकोल कोंबलेला! फायर सीलंट भरा आणि डोअर फॅन टेस्टचा (दारात पंखा लावून खोलीची गळती मोजण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. गॅस सुटताना वाढलेला दाब बाहेर सोडणारा प्रेशर रिलीफ व्हेंटही हवाच.

दोन वेगळ्या झोनचे डिटेक्टर वाजले तरच गॅस सुटावा. त्याआधी ३० सेकंदांचा हूटर, बाहेरची हवा आणणारे डॅम्पर (झडपा) बंद, दाराशी गॅस सुटणं थांबवणारा अबॉर्ट स्विच. हार्ड डिस्क असतील तर आवाज कमी करणारे नोझल घ्या, साध्या नोझलच्या आवाजाने डिस्क बिघडू शकतात.

एएमसीवाले (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेले) नुसता दाबाचा गेज बघून सही करतात. सहा महिन्यांनी सिलिंडरचं वजन करायला लावा. ५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे रिफिल.