लीगल आणि बिझनेस इंग्लिश शिकायचंय: क्लास लावू, ॲप घेऊ की थेट बेअर ॲक्ट उघडू?

मराठी माध्यमातून शिकून एलएलबीला आलेले, किंवा बीकॉम करून एखाद्या कंपनीच्या लीगल, कम्प्लायन्स, परचेस अशा डिपार्टमेंटला लागलेले बरेच जण हाच प्रश्न विचारतात, की कायद्याचं आणि धंद्याचं इंग्लिश शिकायला नक्की करू काय. पैसे भरून क्लास लावू, मोबाईलवर शब्द पाठ करू, का सरळ कायद्याचं पुस्तक घेऊन बसू. माझं मत आधीच सांगून टाकते: इथे महाराष्ट्रात काम करायचं असेल तर बेअर ॲक्ट (म्हणजे कायद्याचा टीकेशिवायचा मूळ मजकूर) आणि खरे दस्तऐवज हा रस्ता पहिला, बाकी सगळं त्याच्या मदतीला. पण काही जणांसाठी क्लासच बरा पडतो, ते कोण तेही सांगते.

आधी तुम्हाला इंग्लिश लागणार कुठे ते बघा. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे सुप्रीम कोर्टाचं आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्लिशमध्ये चालतं. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात मात्र मराठी चालते, तिथे दावा, कैफियत, सरतपासणी, उलटतपास हे सगळं मराठीत होतं. म्हणजे तालुक्याला प्रॅक्टिस करणाऱ्याला इंग्लिश वाचता आलं पाहिजे, कारण युक्तिवादात हायकोर्टाचे निवाडे दाखवायचे असतात, पण रोज इंग्लिशमध्ये लिहायला लागेलच असं नाही. कंपनीत नेमकं उलटं, तिथे दिवसभर ईमेल, एनडीए (गोपनीयतेचा करार), परचेस ऑर्डर, व्हेंडर ॲग्रीमेंट, आणि वर मीटिंगमध्ये बोलायचंही असतं. या दोघांना एकच कोर्स सुचवणं चुकीचं आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक जाहिराती तेच करतात.

आता क्लासचं बघू. बिझनेस इंग्लिशच्या परीक्षांमध्ये केंब्रिजची नावाजलेली आहे, तिच्या तीन पायऱ्या आहेत, बी१ प्रिलिमिनरी, बी२ व्हँटेज आणि सी१ हायर. त्यात वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं चारही येतं, म्हणजे ईमेल कसा सुरू करायचा, मीटिंगमध्ये नम्रपणे नाही कसं म्हणायचं, रिपोर्टमध्ये आकडे वाढले-घटले हे कसं मांडायचं. ज्याला बोलताना अडखळायला होतं त्याला या तयारीचा खरंच फायदा होतो, आणि हे घरी एकट्याने पुस्तक वाचून होत नाही, समोर कोणीतरी बोलायला लागतंच. पण अशा क्लासमधून बाहेर पडलेल्या माणसाला करारातला इंडेम्निटी (नुकसान भरून देण्याचा) क्लॉज समजेल या भरवशावर राहू नका, तो त्या अभ्यासक्रमाचा हेतूच नाही.

खास कायद्याच्या इंग्लिशसाठी टोल्स नावाची ब्रिटनमधली परीक्षा आहे, तिच्याही तीन पायऱ्या, फाउंडेशन, हायर आणि ॲडव्हान्स्ड. केंब्रिजचीही आयलेक म्हणून कायद्याच्या इंग्लिशची परीक्षा होती, पण ती २०१६ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिच्या नावाने कोणी सर्टिफिकेटचं आमिष दाखवत असेल तर लांब राहा. टोल्सची तयारी चांगलीच आहे, कराराची भाषा त्यात नीट येते, पण एक गोष्ट लक्षात ठेवायची की ती तिकडच्या पद्धतीची भाषा आहे. साधं उदाहरण घ्या, इंग्लंडमध्ये १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांपासून दावा लावणाऱ्याला क्लेमंट म्हणतात, आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तो आजही प्लेंटिफच आहे. अमेरिकन कोर्स केलात तर आणखी लांब जाता, तिथे वकील म्हणजे ॲटर्नी आणि कंपनीचे अंतर्गत नियम म्हणजे बायलॉज, आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात ते आर्टिकल्स ऑफ असोसिएशन. आणि आपल्याकडे बायलॉज म्हटलं की लोकांना हाउसिंग सोसायटीच आठवते! लंडनला एलएलएम करायचंय किंवा परदेशी क्लायंटच्या फर्ममध्ये जायचंय तर हे शब्द हवेतच, साताऱ्याच्या कोर्टासाठी त्यावर पैसे घालायची गरज नाही.

ॲप, फ्लॅशकार्ड, यूट्यूबवरचे 'रोज दहा शब्द' यांच्याबद्दल थोडक्यात. लॅटिन शब्दांना हे उत्तम. प्रायमा फेसी, इंटर एलिया, म्युटाटिस म्युटांडिस, सुओ मोटो, लोकस स्टँडाय, असे रोजच्या वापरातले चाळीसपन्नास शब्द असतील, त्यांचा अर्थ सहसा बदलत नाही, पाठ केले की झालं. अँकी नावाचं ॲप अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, ते विसरायच्या बेताला आलेलं कार्ड बरोबर पुन्हा पुढे आणतं. पण कन्सिडरेशन हा शब्द 'विचार' असा पाठ केलात की पुढे सगळंच गडबडतं, कारण करारात त्याचा अर्थ मोबदला. कायद्यातले अवघड वाटणारे शब्द मुळात अवघड नसतातच, ओळखीचे वाटणारे शब्द दगा देतात, आणि सुटी यादी नेमकी इथेच कमी पडते.

म्हणून बेअर ॲक्ट. आणि सुरुवात १८७२ च्या भारतीय करार कायद्यापासून करा, राज्यघटनेपासून नको. हा कायदा शब्द शिकवायलाच लिहिलाय असं वाटावं इतका सरळ आहे. कलम २ उघडा, एकेका ओळीत प्रपोजल म्हणजे काय, तो स्वीकारला की प्रॉमिस होतं, प्रॉमिसला कन्सिडरेशन जोडलं की ॲग्रीमेंट, आणि कायद्याने अमलात आणता येणारं ॲग्रीमेंट म्हणजे काँट्रॅक्ट. एक शब्द दुसऱ्याच्या खांद्यावर उभा आहे, त्यामुळे पाठ करावं लागत नाही, समजत जातं. तिथेच व्हॉइड आणि व्हॉइडेबल मधला फरक मिळतो: पहिला करार कायद्याने अमलात आणताच येत नाही, दुसरा एका बाजूच्या मर्जीवर टिकतो किंवा मोडतो. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाने केलेला करार पहिल्या प्रकारात जातो, प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या केसमध्ये ते ठरवलं, आणि दमदाटी करून किंवा फसवून सही घेतलेला करार दुसऱ्या प्रकारात. शब्दाबरोबर अशी एक हकीकत डोक्यात बसली की तो शब्द जात नाही.

पुढे कलम १२४ आणि १२६ शेजारी ठेवून वाचा. इंडेम्निटीत दोन माणसं, एक म्हणतो तुझं नुकसान झालं तर मी भरून देईन. गॅरंटीत तीन, पैसे देणारा, घेणारा, आणि घेणाऱ्याने बुडवले तर मी देईन म्हणणारा जामीनदार, म्हणजे शुअर्टी. बँकेच्या कागदांवर सही करणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असायला हवा, वकील असो नाहीतर नसो. धंदा करणाऱ्यांनी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ पण वाचावं, चेक बाउन्सचं. ड्रॉवर, पेयी, डिसऑनर, डिमांड नोटीस हे सगळे शब्द एका कलमात येतात, आणि चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस, ही मुदतही त्याबरोबर कळते. केंद्राचे हे कायदे इंडिया कोड या सरकारी साइटवर फुकट मिळतात.

बेअर ॲक्टची अडचणही सांगायला हवी. वाक्यं लांब, प्रोव्हायडेड दॅट, नॉटविथस्टँडिंग, सब्जेक्ट टू यांनी भरलेली, सुरुवातीचे दिवस कंटाळा येतो, आणि अर्थ बरोबर लागला का हे सांगायला कोणी नसतं. वर तोच शब्द दोन कायद्यांत वेगळा निघतो. गुड फेथ घ्या, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे काम प्रामाणिकपणे केलं की पुरे, त्यात निष्काळजीपणा झाला तरी चालतं, पण जुन्या भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत योग्य काळजी घेतली नसेल तर गुड फेथ म्हणताच येत नाही. हे एकट्याने वाचताना सुटून जातं. दहावीपर्यंतचं इंग्लिशच कच्चं असेल तर आधी दोनतीन महिने साधं व्याकरण पक्कं करा, उगाच हिरमोड करून घेऊ नका.

बेअर ॲक्टच्या जोडीला मी ज्यावर सगळ्यात जास्त भर देईन ते म्हणजे खरे दस्तऐवज, आणि त्यातही सोपा, घरोघरी सापडणारा दस्त म्हणजे लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट. पुण्यामुंबईत भाड्याने राहिलेल्या कुणाकडेही तो असतो. लायसन्सर, लायसन्सी, प्रिमायसेस, सिक्युरिटी डिपॉझिट, लॉक-इन पिरियड, नोटीस पिरियड, टर्मिनेशन, व्हेकेट, शेड्यूल, एवढे शब्द एका कागदात, आणि प्रत्येकाचा परिणाम तुम्हाला स्वतःला माहीत, कारण ते घर तुम्ही राहून बघितलंय. मग लीज आणि लायसन्स वेगळे का हे शोधा, एक १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये, दुसरं त्याच वर्षीच्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ मध्ये, आणि हा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा हे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये. भाड्याच्या एका कागदातून तीन कायद्यांची भाषा शिकून होते. कोणता क्लास हे देतो सांगा.

आणि इथे मराठी माध्यमवाल्यांकडे एक भांडवल असतं ज्याची त्यांना बहुतेक वेळा जाणीव नसते. गावाकडच्या घरात साठेखत, खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र हे शब्द लहानपणापासून कानावर असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार म्हणजे कोण हे आजोबांनाही माहीत असतं. मग इंग्लिश दस्तात एक्झिक्यूट हे क्रियापद आलं की 'दस्त करून देणे' हे डोक्यात यायला हवं, आणि तेच क्रियापद डिक्रीबरोबर, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याबरोबर, आलं की 'दरखास्त', म्हणजे त्याची अंमलबजावणी. साठेखत म्हणजे ॲग्रीमेंट फॉर सेल, खरेदीखत म्हणजे सेल डीड, या दोनांत मालकी नेमकी कधी जाते हा फरक मराठीत ज्याला पक्का आहे त्याला इंग्लिशमध्ये फक्त नाव बदलायचंय. नवीन काही शिकायचं नाहीये, हे मी मनापासून सांगते, कारण हुशार मुलं निव्वळ इंग्लिशच्या धाकाने मागे राहताना बघवत नाही.

क्रियापदांकडे लक्ष द्या, नामांपेक्षा जास्त. फाइल अ सूट, सर्व्ह अ नोटीस, ग्रँट अ स्टे, सेट असाइड ॲन ऑर्डर, डिस्चार्ज अ लायबिलिटी, या जोड्या जशाच्या तशा वहीत उतरवायच्या. शॅल आणि मे पण. बिझनेस क्लासमध्ये मे हा सभ्यपणाचा शब्द म्हणून येतो, करारात शॅल म्हणजे करावंच लागेल आणि मे म्हणजे करण्याची मुभा, आणि कधी कधी कोर्ट संदर्भ बघून मे चा अर्थही बंधनकारक लावतं.

निवाडे वाचणं ही वरची पायरी, लगेच नको. पण सुप्रीम कोर्टाने २०२३ पासून ई-एससीआर, म्हणजे आपल्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह, फुकट खुलं केलंय आणि बऱ्याच निवाड्यांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत, तेव्हा एकच निवाडा दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचता येतो. अनुवादाला सॉफ्टवेअरची मदत घेतलेली असते, त्यामुळे काही ठिकाणी मराठी बोजड वाटेल, आणि अधिकृत इंग्लिशच धरायचं. लीज की लायसन्स यावरचा १९५९ चा असोसिएटेड हॉटेल्सचा निवाडा भाडेकरार वाचून झाल्यावर घ्या, ओळखीच्या विषयावर असल्यामुळे झेपेल.

कोशांपैकी राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश मराठी प्रतिशब्दासाठी चांगला आहे, फक्त कोर्टात प्रत्यक्ष बोलतात तो शब्द कधी कधी वेगळा असतो. ब्लॅकची डिक्शनरी मोठी आणि नावाजलेली, पण अमेरिकन, विद्यार्थ्याने विकत घ्यायची गरज नाही, लायब्ररीत बघा.

मग कोणी काय निवडावं. एलएलबीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर करार कायदा, एक भाडेकरार आणि लॅटिनसाठी अँकी, खर्च जवळजवळ शून्य, रोज अर्धा तास, एका सेमिस्टरमध्ये फरक दिसायला लागतो. ज्युनियर म्हणून कुणाकडे बसत असाल तर सरांच्या किंवा मॅडमच्या जुन्या ड्राफ्टच्या फाइली मागून घ्या, परवानगीने आणि पक्षकारांची नावं बाहेर न नेता, एखादी नोटीस हाताने उतरवून काढा आणि मग स्वतः लिहून त्यांना दाखवा, वर जे म्हटलं की अर्थ बरोबर लागला का हे सांगायला कोणी नसतं, ती अडचण इथे सुटते. कंपनीत असाल आणि बोलण्यात अडत असेल तर बिझनेस इंग्लिशचा क्लास लावा, बी२ पर्यंत केलं तरी बहुतेकांना पुरतं, पण त्याबरोबर स्वतःच्या कंपनीचा एनडीए पूर्ण वाचा, डिस्क्लोजिंग पार्टी आणि रिसीव्हिंग पार्टीमध्ये आपली कंपनी कोण हे आधी शोधा. परदेशी जायचं पक्कं असेल तर टोल्सचा विचार करा, पण फी भरण्याआधी ज्या युनिव्हर्सिटीत किंवा फर्ममध्ये जायचंय त्यांना ते सर्टिफिकेट चालतं का हे लेखी विचारून घ्या, कारण ॲडमिशनला बहुतेक ठिकाणी आयईएलटीएससारखीच परीक्षा मागतात आणि तिचा निकाल दोनच वर्षं धरला जातो.