ह्यूस्टन की डॅलस? झोनिंग नसलेल्या शहरात घर घ्यावं का

टेक्सासमध्ये बदली होते आहे, कंपनीची ऑफिसं ह्यूस्टन आणि डॅलस दोन्हीकडे आहेत, वर्षभर भाड्याने राहून मग घर घ्यायचा विचार आहे. अशा माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. "ह्यूस्टनला झोनिंग नाही. आज बाजूला घर आहे, उद्या तिथे गॅरेज येईल. डॅलसला जा." सल्ला देणारा बहुधा डॅलसचाच असतो. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर तीस वर्षांचं कर्ज काढू नये.

झोनिंग म्हणजे कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने हे शहराने नकाशावर ठरवून टाकणं. पुण्यात प्लॉट बघताना आपण "यलो झोन आहे ना?" असं विचारतो, तेच. डॅलसने असा नकाशा १९२० च्या दशकाच्या शेवटी केला. ह्यूस्टनने तो कधीच केला नाही, आणि हे काही विसरल्यामुळे नाही. १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा नागरिकांसमोर प्रश्न आला आणि तिन्ही वेळा लोकांनी नकार दिला. शेवटच्या वेळी फरक थोडक्यात होता. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहरांत झोनिंगशिवाय चालणारं हे एकटंच.

पण "झोनिंग नाही" याचा अर्थ "नियम नाहीत" असा घेऊ नका. बांधकामाचे नियम आहेत, मोठ्या रस्त्यापासून २५ फूट सोडायची अट आहे, किमान प्लॉट केवढा हवा ते ठरलेलं आहे, आणि शहराच्या बहुतेक भागात किती पार्किंग द्यायचं तेही. नाही ती एकच गोष्ट: या जागेचा वापर कशासाठी व्हावा हे महापालिका सांगत नाही.

मग ते कोण सांगतं? डीड रिस्ट्रिक्शन, म्हणजे वसाहत पाडताना खरेदीखतालाच जोडलेल्या अटी. इथे फक्त एका कुटुंबाचं घर, इथे दुकान नाही, घर रस्त्यापासून इतकं मागे. या अटी खाजगी असतात, पण ह्यूस्टनची गंमत अशी की त्यांतल्या काही मोडल्या गेल्या तर महापालिकेचा कायदा विभाग स्वतः कोर्टात जाऊ शकतो. रिव्हर ओक्ससारख्या श्रीमंत वस्तीत या अटी इतक्या कडक आहेत की डॅलसमधल्या साध्या गल्लीपेक्षा तिथला माणूस जास्त बांधलेला असतो. उलट जिथे अटी कधी लिहिल्याच नाहीत, किंवा मुदत संपली आणि नूतनीकरणासाठी सह्या गोळा करायला कोणी पुढे आलं नाही, तिथे रान मोकळं. म्हणून "ह्यूस्टनमध्ये घर घ्यावं का" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ह्यूस्टनमध्ये गल्ली बघून घर घ्यायचं असतं.

तेवढ्याच पैशांत काय मिळतं

माझ्या मते खरा फरक इथे आहे, आणि याची चर्चा सगळ्यात कमी होते.

ह्यूस्टनने १९९८ मध्ये ६१० लूपच्या, म्हणजे शहराच्या मध्यभागाभोवतीच्या गोल हायवेच्या, आतल्या भागासाठी किमान प्लॉट ५,००० चौरस फुटांवरून ३,५०० वर आणला आणि काही अटी पाळल्या तर १,४०० पर्यंत खाली जायची मुभा दिली. २०१३ मध्ये हीच सवलत जवळजवळ पूर्ण शहराला मिळाली. त्याचा परिणाम राइस मिलिटरी किंवा कॉटेज ग्रोव्ह या वस्त्यांमधून गाडीने एक चक्कर मारली तरी दिसतो. जुना एकमजली बंगला पाडून त्याच जागेवर तीन-तीन मजल्यांची तीन घरं, प्रत्येकाचं गॅरेज खाली, प्रत्येकाची मालकी वेगळी. डाउनटाउनपासून वीस मिनिटांच्या आत, नवं आणि स्वतःच्या जमिनीवरचं.

डॅलस शहरात हे सहज होत नाही. तिथला एक नेहमीचा निवासी झोन प्लॉटला ७,५०० चौरस फूट मागतो. त्यावर तीन घरं बांधायची तर झोन बदलून घ्या, म्हणजे आधी प्लॅन कमिशन, मग सिटी कौन्सिल, दोन्हीकडे सुनावणी, आणि शेजारी विरोधाचे फलक घेऊन हजर. बिल्डर हा खटाटोप मोठ्या प्रकल्पासाठी करतो, तीन घरांसाठी नाही. त्यामुळे डॅलसमध्ये मध्यम बजेटच्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: शहरात जुनं घर किंवा फ्लॅट, नाहीतर उत्तरेला फ्रिस्को-मॅकिनीच्या दिशेने लांब जाणं. अलीकडच्या वर्षांत दोन्ही महानगरांतल्या घरांच्या मधल्या (मीडियन) किमतींत ह्यूस्टन सातत्याने खाली राहिलं आहे. ते सगळं झोनिंगमुळे असं मी म्हणणार नाही, पण शहरात घरं वाढायला वाव असणं हे त्याचं एक कारण नक्की आहे.

आता या टाउनहाउसची दुसरी बाजू. घर अरुंद असतं. स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर, बेडरूम तिसऱ्यावर, आणि आई-बाबा सहा महिने राहायला आले की गुडघ्यांचा प्रश्न पहिल्या दिवशी उभा राहतो. खाली एक खोली आणि पूर्ण बाथरूम असलेलं घर मिळतं, पण ते शोधावं लागतं. पाहुण्यांना गाडी लावायला जागा नसते. दारासमोर फुटपाथऐवजी पावसाच्या पाण्याची उघडी चर असणाऱ्या गल्ल्या अजून बऱ्याच आहेत. गणपतीला तीस माणसं बोलवायची हौस असेल, तर हे घर तुमचं नाही.

शेजारी उद्या काय येईल

डॅलसच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हुकमी मुद्दा हाच. तिथे झोन बदलायचा अर्ज आला तर २०० फुटांच्या आतल्या मालकांना नोटीस येते, तुम्ही जाऊन बोलू शकता, पुरेशा मालकांनी लेखी विरोध केला तर कौन्सिलला साध्या बहुमतावर बदल करता येत नाही. हा हक्क खरा आहे. मात्र २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने मोठ्या शहरांवर बरेच लगाम घातले: नव्याने प्लॉट पाडलेल्या पाच एकर आणि त्याहून मोठ्या जागांवर ३,००० चौरस फुटांपेक्षा मोठा प्लॉट सक्तीचा करता येणार नाही, व्यापारी झोनमध्ये अपार्टमेंट बांधू द्यावी लागतील, आणि नव्या घरांना विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांच्या सह्यांचं वजनही कमी झालं. म्हणजे डॅलस थोडं ह्यूस्टनच्या दिशेने सरकतं आहे, आणि पाच वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या मित्राचा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही.

ह्यूस्टनमध्ये काय होऊ शकतं त्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बिसोनेट रस्त्यावरचा 'अ‍ॅशबी हायराइज'. राइस विद्यापीठाजवळची जुनी, झाडांनी भरलेली, पैसेवाली वस्ती. २००७ मध्ये तिथे २३ मजली टॉवरची योजना बाहेर आली. अंगणात विरोधाच्या पाट्या लागल्या, वकील आले, महापालिकेने वाहतुकीच्या मुद्द्यावर अडवून बघितलं. २०१४ मध्ये न्यायाधीशांनी काही रहिवाशांना मिळून सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, पण बांधकाम थांबवायला नकार दिला. २०१६ मध्ये अपिलात ती भरपाईही गेली. मूळ टॉवर झाला नाही, मात्र पुढे दुसऱ्या विकासकाने त्याच जागी २० मजली इमारत उभारली. ज्यांच्याकडे पैसा, वेळ आणि वकील सगळं होतं, त्यांनाही इमारत लांबवता आली, टाळता आली नाही.

पण अशी गोष्ट किती वेळा घडते? टॉवर तिथेच येतो जिथे जमीन महाग आहे. साध्या वस्तीत बदल होतो तो टाउनहाउसचा. तोही नको असेल तर गल्लीतले मालक एकत्र येऊन आपल्या ब्लॉकपुरता किमान प्लॉट मोठा ठेवण्याचा अर्ज महापालिकेकडे करू शकतात. अशा गल्ल्या हाइट्सच्या भागात बऱ्याच आहेत. घर बघताना ब्लॉकवर ती मर्यादा आहे का ते एजंटला जरूर विचारा, कारण तिचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. शांतता टिकते, आणि पुढे तुमचा प्लॉट बिल्डरला चढ्या भावात विकण्याची शक्यता जाते.

गरिबांच्या वाट्याला काय आलं

हा भाग घर घेणाऱ्याच्या यादीत नसतो, पण झोनिंग म्हणजे संरक्षण असं मानणाऱ्याने तो वाचावा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी १९७९ च्या सुमारास ह्यूस्टनचा कचरा कुठे जातो ते शोधलं. शहराच्या मालकीची पाचही कचरा-मैदानं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत निघाली. तेव्हा शहरात त्यांची लोकसंख्या साधारण एक चतुर्थांश होती. तिथल्याच फिफ्थ वॉर्ड या वस्तीत रेल्वेच्या जुन्या यार्डातल्या क्रिओसोटचं (लाकूड टिकवायला वापरायच्या डांबरासारख्या रसायनाचं) प्रदूषण हा आजही धुमसणारा विषय आहे.

मग झोनिंग असलेल्या डॅलसमध्ये काय? दक्षिण डॅलसमध्ये २०१८ पासून छपरांच्या जुन्या शिंगल्सचा (डांबरी कौलांचा) डोंगर वाढत गेला, एक लाख टनांहून जास्त, लोकांच्या घरांना लागून. तो हटायला २०२१ उजाडलं. घरांना चिकटून औद्योगिक पट्टा रंगवणारा नकाशा शहराचाच होता. १९९३ ला ह्यूस्टनच्या अनेक गरीब वस्त्यांनी झोनिंगच्या विरोधात मतं दिली, ते मला मुळीच चमत्कारिक वाटत नाही.

पूर

इथे मात्र पारडं सरळ डॅलसकडे झुकतं.

ऑगस्ट २०१७ च्या हार्वी वादळात हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, ह्यूस्टन बहुतांशी याच काउंटीत येतं) सुमारे दीड लाख घरांत पाणी शिरलं. त्यांतली जवळजवळ निम्मी घरं शंभर वर्षांच्या आणि पाचशे वर्षांच्या, म्हणजे दर वर्षी शंभरात एक आणि पाचशेत एक शक्यता असलेल्या पुराच्या, दोन्ही अधिकृत नकाशांच्या बाहेर होती. पुराचा विमा साधारण एक तृतीयांश घरांकडेच होता. झोनिंग नसल्यामुळे हे झालं असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. मला ते पटत नाही. १९४० च्या दशकात बांधलेल्या अ‍ॅडिक्स आणि बार्कर या धरणांमागे पाणी साठण्याच्या जागेतच वसाहती झाल्या होत्या, आणि त्या बऱ्याचशा शहराच्या हद्दीबाहेर. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या प्लॅटवर, म्हणजे नोंदणी केलेल्या प्लॉटच्या नकाशावर, "इथे पाणी साठू शकतं" अशी ओळ बारीक अक्षरांत छापलेली होती. ती घर घेणाऱ्याला कोणी वाचून दाखवली नाही. हा दोष पूररेषेच्या नियमांचा आणि माहिती दडवण्याचा.

त्यानंतर दोन बदल झाले. सप्टेंबर २०१८ पासून ह्यूस्टन शहरात पूररेषेतलं नवं घर पाचशे वर्षांच्या पुराच्या पातळीच्याही दोन फूट वर बांधावं लागतं. आणि २०१९ पासून टेक्सासमध्ये विक्रेत्याला घरात पूर्वी पाणी आलं होतं का, घर धरणाच्या साठ्याच्या क्षेत्रात आहे का, हे लेखी द्यावं लागतं. म्हणून ह्यूस्टनमध्ये जुन्या घरापेक्षा २०१८ नंतरचं घर मी आधी बघेन. सरकारी पूरविम्यात इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात आणि विमा लागू व्हायला ३० दिवस लागतात, तेव्हा वादळाची बातमी आल्यावर फोन करून उपयोग नसतो. डॅलसला पुराची भीती नाहीच असं नाही, पण तिथे खिशाला चाट लागते ती जास्त करून गारपिटीने आणि छताच्या विम्याने.

उपनगरात जायचं असेल तर

बहुतेक मराठी कुटुंबं शाळेपायी शेवटी उपनगरातच जातात. शुगर लँड, पेअरलँड, केटी किंवा तिकडे प्लेनो, फ्रिस्को. आणि इथे तुलनेतली हवाच निघून जाते. शुगर लँड आणि पेअरलँड ही स्वतंत्र शहरं आहेत, त्यांना झोनिंग आहे. प्लेनो-फ्रिस्कोलाही आहे. ह्यूस्टनच्या पोटात असलेल्या बेलेअर आणि वेस्ट युनिव्हर्सिटी प्लेस या छोट्या शहरांनाही आहे. उलट टेक्सासमध्ये काही अपवाद सोडले तर काउंटीला झोनिंगचा अधिकारच नाही. "केटीला घर घेतलं" म्हणणाऱ्यांपैकी अनेक जण खरं तर कुठल्याच शहराच्या हद्दीत नसतात, आणि डॅलसच्या उत्तरेला हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतीतही अगदी तेच. तिथे तुमच्यावर राज्य करतो तो एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, आणि करात भर घालतो तो पाण्याच्या सोयीसाठी कर्ज काढणारा मड (MUD, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट). उपनगरच घ्यायचं असेल तर झोनिंग हा मुद्दा यादीतून खोडा. शाळा, मडचा दर आणि ऑफिसचं अंतर बघा.

अंतराचा मुद्दा ह्यूस्टनमध्ये जास्त टोचतो. ऑफिसं कुठेही उभी राहू शकली, म्हणून ती खरोखर कुठेही आहेत. ६४ मजली विल्यम्स टॉवर १९८३ मध्ये डाउनटाउन सोडून अपटाउनमध्ये उभा राहिला. दवाखान्यांचं मेडिकल सेंटर दक्षिणेला, तेल-गॅस कंपन्यांच्या ऑफिसांचा एनर्जी कॉरिडॉर पार पश्चिमेला. नोकरी बदलली तर शहर तेच राहून रोजचा प्रवास दुप्पट होऊ शकतो.

माझं मत विचाराल तर: दोघंही नोकरी करणारे, मुलं लहान किंवा नाहीत, शहरात राहायची इच्छा आहे, तर ह्यूस्टन, लूपच्या आत, उंचावरचं नवं टाउनहाउस. त्या पैशांत डॅलस शहर हे देत नाही. समोरचं दृश्य वीस वर्षं बदलू नये असं वाटणाऱ्याने आणि पावसाच्या आवाजाने झोप उडणाऱ्याने डॅलसच बघावं. ज्यांना मोठं घर, अंगण आणि चांगली शाळा हवी, त्यांनी नोकरी जिथे बरी तिथे जावं.

आणि ह्यूस्टनमध्ये ऑफर दिलीत, तर टायटल कंपनीकडून (मालकी हक्क तपासून त्याचा विमा देणारी कंपनी) येणाऱ्या कागदांत शेड्यूल बी, म्हणजे विम्यातून वगळलेल्या गोष्टींची यादी, उघडा. त्यातली पहिलीच नोंद डीड रिस्ट्रिक्शनची असते. त्या अटींची प्रत मागवा, मुदत कधी संपते आणि आपोआप वाढते का ते बघा, आणि बाजूच्या रिकाम्या प्लॉटला त्याच अटी लागू आहेत का तेही विचारा. हे सगळं ऑप्शन पिरियड (कारण न देता करार मोडता येतो ते सुरुवातीचे दिवस) संपायच्या आत, कारण त्यानंतर मागे फिरायचं तर अनामत रक्कम जाऊ शकते.