न्यूपोर्टला जाड टॉर्शन बार बसवले, त्याला सहा महिने झाले

माझी गाडी १९६७ ची क्रायस्लर न्यूपोर्ट. ३८३ घनइंचांचं इंजिन, लांबी अठरा फुटांच्या वर. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, त्यामुळे गाडी मे ते ऑक्टोबर एवढीच बाहेर निघते. या हंगामात नव्या बारवर २२०० मैल झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

क्रायस्लरने १९५७ च्या मॉडेलांपासून पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार दिले. मागे पाटेच. बार म्हणजे पोलादाची लांब सळई. एक टोक लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यात, दुसरं मागे क्रॉसमेंबरमध्ये, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईत अडकवलेलं. चाक वर गेलं की सळईला पीळ पडतो आणि तो पीळच गाडीचं वजन तोलतो. आमच्या बाबांच्या ॲम्बेसेडरलाही पुढे टॉर्शन बार होते, त्यामुळे हा प्रकार मला लहानपणापासून जवळचा.

माझे जुने बार व्हर्नियरने ०.९६ इंच भरले. डेट्रॉइटच्या वूडवर्ड रस्त्यावर सिग्नलला ब्रेक मारला की नाक खाली जायचं, आणि हायवेच्या उताराच्या वळणावर गाडी इतकी कलायची की बायको दाराचं हँडल धरून बसायची. बरेच जण सांगतात, बारचा ॲडजस्टिंग बोल्ट (पुढची उंची कमी-जास्त करायचा) आवळा, गाडी कडक होईल. तसं होत नाही. बोल्टने फक्त उंची बदलते. कडकपणा सळईच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. त्यात जाडीचा हिशेब चौथ्या घाताचा, म्हणून फरक दिसतो दशांश इंचाचा पण जाणवतो फार मोठा. १.०६ चा बार ०.९६ पेक्षा जवळजवळ दीडपट कडक, १.१२ चा तर पावणेदोन पटींहूनही जास्त. मित्रांचा आग्रह १.१२ चा होता. मी १.०६ घेतले, आणि आज पुन्हा घ्यायचे झाले तरी तेच घेईन. ही गाडी शर्यतीची नाही. तिचं तरंगत जाणं मला हवंच आहे, फक्त तिने डुलू नये.

पार्सल उघडलं तर दोन्ही बारांच्या टोकांवर एल कोरलेलं! म्हणजे दोन्ही डाव्या बाजूचे. हे अदलाबदल करून चालत नाही, कारण कारखान्यात प्रत्येक बारला त्याच्या बाजूच्या दिशेने आधीच पीळ दिलेला असतो. उलट लावला तर तो खचतो किंवा तुटतो. विक्रेत्याने बदलून दिला, पण तीन आठवडे गेले. तुम्ही पार्सल आल्या आल्या टोकं पुसून अक्षरं वाचा.

काढताना गाडी वर घेऊन चाकं लोंबती सोडायची, बोल्ट पूर्ण सैल करायचा, मग बारला जागेवर धरणारी मागची कडी, म्हणजे सर्कलिप, काढायची. जुना बार गंजून घट्ट बसला होता. त्याला पान्ह्याने किंवा व्हाइसग्रिपने धरू नका. पोलादावर एक ओरखडा पडला तरी तिथूनच तडा जातो. मी सळईला घट्ट बसणारा क्लॅम्प आवळून त्यावर हातोडी मारली. नवे बार बसवताना षटकोनी टोकांना भरपूर ग्रीस आणि रबरी बूट नवे. उंची मोजण्याआधी गाडी पुढून चार-पाच वेळा दाबून सोडायची. डाव्या-उजव्यात एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. मग चाकांचं अलाइनमेंट.

पहिला महिना मात्र मी नाराज होतो. नाक खाली जाणं थांबलं, पण खड्ड्यातून गेलं की पुढची बाजू दोन-तीनदा उसळायची. दोष बारचा नव्हता, जुन्या शॉक ॲब्झॉर्बरचा होता. कडक स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकही तसाच दमदार लागतो. नवे शॉक बसवले आणि त्याच संध्याकाळी घरामागच्या रेल्वे फाटकावरून गाडी एकदाच वरखाली होऊन स्थिर झाली. मी वळून पुन्हा एकदा त्यावरून नेली.

आता वळणावर बायकोचा हात तिच्या मांडीवर असतो. काँक्रीटच्या रस्त्यावरचे सांधे पूर्वीपेक्षा थोडे जास्त कळतात, तेवढी किंमत मला मान्य आहे. ऑक्टोबरमध्ये उंची पुन्हा मोजली तर डावी बाजू पाव इंच बसली होती. बोल्ट थोडा आवळून दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि गाडी झाकून ठेवली. जुने बार तेलाच्या कापडात गुंडाळून, डावा-उजवा लिहून, गॅरेजच्या भिंतीला टांगले आहेत.