मधेच बंद पडणारा जुना संगणक: बुधवार पेठेतल्या या दुकानाचा माझा अनुभव

माझा डेस्कटॉप 2012 सालचा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज सेव्हन. मी सदाशिव पेठेत घरूनच डीटीपी करते. पेजमेकरमध्ये लावलेली पुस्तकं, संस्थांचे अहवाल, पत्रिका असं सगळं काम श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. ‘नवीनच घ्या’ असं सगळे सांगतात, पण त्या फायली नव्या मशिनवर नेल्या की जोडाक्षरं फुटतात, ओळी सरकतात आणि अडीचशे पानांचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. म्हणून मला हेच मशिन चालू हवं होतं.

मार्चअखेरीस ते मधेच बंद पडायला लागलं. आधी दिवसातून एकदा, मग दुपारच्या वेळी दर वीस मिनिटांनी. घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या एकांना बोलावलं. त्यांनी कॅबिनेट न उघडताच व्हायरस असल्याचं सांगितलं आणि विंडोज नव्याने टाकून दिलं. सातशे रुपये गेले, शिवाय फॉन्ट आणि सॉफ्टवेअर परत बसवण्यात माझा अख्खा दिवस गेला. त्याच संध्याकाळी मशिन पुन्हा बंद. मग म्हणाले, मदरबोर्ड गेलाय.

या दुकानात गेले तेव्हा दुकानातल्या दादांनी आधी प्रश्न विचारले. “काकू, बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? निळा स्क्रीन येतो, की लाईट गेल्यासारखा एकदम जातो?” एकदम जातो, म्हटलं. “लगेच चालू केला तर?” दोन मिनिटांत परत जातो, पण अर्धा तास थांबलं तर जास्त वेळ टिकतो. हे ऐकून ते म्हणाले, मग आधी उष्णता बघू. निळा स्क्रीन येत असता तर रॅम, हार्डडिस्क किंवा ड्रायव्हरकडे पाहिलं असतं.

मशिन चालू करून त्यांनी ते बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवरच ठेवलं, विंडोज सुरूच होऊ दिलं नाही. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. आकडा चढत चढत 90 च्या पुढे गेला आणि थोड्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर मशिन बंद पडलं. विंडोज सुरूच नव्हतं, म्हणजे विंडोजचा यात दोष नव्हता. या पाच मिनिटांच्या तपासणीने माझे सातशे रुपये वाचले असते.

प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खालच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमध्ये धुळीचा थर नमद्यासारखा बसला होता. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. पंखा मदरबोर्डला चार खुंट्यांनी बसतो, त्यातली एक सुटून वर आली होती, त्यामुळे हीटसिंक प्रोसेसरला एका बाजूने टेकतच नव्हता. ब्लोअरने सगळं साफ केलं, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, खुंट्या नीट दाबून बसवल्या. तापमान 45 च्या आसपास येऊन थांबलं. मी पैसे द्यायला पर्स उघडली, पण ते म्हणाले, “दोन दिवस राहू द्या माझ्याकडे. चालवून बघतो.”

या एका वाक्यासाठी मी हे एवढं लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: तापमान ठीक असतानाही मशिन एकदा गेलं. म्हणजे आणखी एक बिघाड होता. मी दुकानात गेले तेव्हा त्यांनी मशिनला जड काम देऊन एसएमपीएसच्या (मशिनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पिवळ्या तारेवर मल्टीमीटर लावून दाखवला. तिथे 12 व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 11.4 च्या खाली जायला नको. काटा नव्हे, आकडे असलेला मीटर होता, मलाही वाचता आला: 11.1. एसएमपीएस उघडल्यावर दोन कपॅसिटर (वीज साठवून ती स्थिर ठेवणारे भाग) डोक्यावर फुगलेले दिसले. तो दुरुस्त करण्यापेक्षा बदला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जुना माझ्या हातात परत दिला.

खर्च असा: साफसफाई आणि पेस्टचे 400, नव्या एसएमपीएसचे 1,650, पक्कं बिल आणि वॉरंटीसह. तपासणीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. हार्डडिस्कला हात लावण्याआधी “बॅकअप आहे का?” विचारलं. नव्हता, म्हणून माझ्याच पोर्टेबल डिस्कवर सगळं उतरवून घ्यायला लावलं. विंडोज सेव्हनला 14 जानेवारी 2020 नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, तेव्हा या मशिनला इंटरनेट जोडू नका, मेल दुसरीकडे बघा, असंही बजावलं. मी लॅनची वायर काढून टाकली आहे.

उणिवाही सांगते. दोन दिवस म्हणाले होते, मशिन चौथ्या दिवशी मिळालं. फोन पटकन उचलत नाहीत. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि खाली गाडी लावायला जागा नाही. कॅबिनेट घेऊन जाणार असाल तर सोबत कुणीतरी हवं, मी भाच्याला नेलं होतं. मशिन ठेवून घेताना पावती मागितल्यावरच मिळाली. ती त्यांनी आपणहून द्यायला हवी.

मशिन घरी येऊन सात आठवडे झाले. घरी मी फक्त एक बदल केला, कॅबिनेट भिंतीला चिकटून होतं ते वीतभर पुढे ओढलं. मेच्या उन्हात, दुपारी दोन ते सहा, एका शाळेच्या स्मरणिकेची 136 पानं याच मशिनवर लावली. एकदाही बंद पडलं नाही. काल पीडीएफ छापखान्यात गेली.