इंग्लंडमधील बोटॉक्स आणि फिलर : दोन इंजेक्शने, दोन नियम

सुरकुत्यांसाठी बोटॉक्स आणि गाल-ओठांच्या भरीवपणासाठी फिलर, ही दोन्ही इंजेक्शने इंग्लंडमध्ये अनेकदा एकाच ठिकाणी दिली जातात. कायदा मात्र दोघांना वेगळे लेखतो.

बोटॉक्स, म्हणजेच बोट्युलिनम टॉक्सिन, हे तेथे प्रिस्क्रिप्शनशिवाय न मिळणारे औषध आहे. त्यामुळे सुई कोणीही टोचली तरी ते औषध लिहून देणारी पात्र व्यक्ती जबाबदार राहते. फिलरला अशी अट नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे तत्कालीन वैद्यकीय संचालक सर ब्रूस किओ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये फिलरही प्रिस्क्रिप्शनच्या कक्षेत आणण्याची शिफारस केली होती, पण ती अमलात आली नाही.

खरा धोका येथेच आहे. हायल्युरॉनिक ॲसिड या जेलसारख्या द्रव्याचे फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखे निळसर डाग उमटतात आणि क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी ते विरघळवणारे हायल्युरोनिडेज तातडीने द्यावे लागते, आणि ते मात्र प्रिस्क्रिप्शनचे औषध आहे! फिलर टोचण्याची मुभा असलेल्या बिगर-वैद्यकीय व्यक्तीला त्यावरचा उतारा स्वतःच्या अधिकारात मिळत नाही, ही विसंगती मला अक्षम्य वाटते.

१ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलांना केवळ सौंदर्यासाठी ही दोन्ही इंजेक्शने देणे गुन्हा ठरले. २०२२ च्या हेल्थ अँड केअर ॲक्टने सरकारला अशा उपचारांसाठी परवाना पद्धत आणण्याचे अधिकार दिले आहेत. ते वापरताना फिलरचा विचार आधी व्हायला हवा.