वसाहतोत्तर साहित्याचे निबंध पारितोषिक: शेरे मोलाचे, चौकट अपुरी

एका विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातर्फे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वसाहतोत्तर साहित्याच्या, म्हणजे युरोपीय वसाहतवादी राजवटीतून गेलेल्या देशांतल्या साहित्याच्या, अभ्यासासाठी जे निबंध पारितोषिक दिले जाते, त्यासाठी गेली तीन वर्षे अंबाजोगाईहून माझे विद्यार्थी निबंध पाठवत आहेत. प्रवेशशुल्क नाही आणि रक्कम चार पुस्तकांत संपेल एवढीच आहे. तरीही मी त्यांना भाग घ्यायला लावतो, तो परीक्षकांच्या लेखी शेऱ्यांसाठी. बक्षीस मिळो न मिळो, प्रत्येक निबंध समासातल्या टिपणांसह परत येतो. एका विद्यार्थिनीने समीक्षक एडवर्ड सैद यांचे १९७८ मधील प्राच्यवादाचे, म्हणजे पाश्चात्त्यांनी पूर्वेची जी प्रतिमा रंगवली तिचे, विवेचन तीन पाने उतरवून काढले होते; तिथे पेन्सिलीने एवढेच लिहिलेले होते, 'हे सैद सांगून गेले, तुम्हाला कादंबरीत काय दिसले?' हेच मी वर्गात अनेकदा बोललो होतो, पण पटले ते त्या ओळीने.

तक्रार आहे ती चौकटीविषयी. यंदा एका विद्यार्थ्याने हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या मराठी आठवणींवर लिहिले, तेव्हा 'विषय वसाहतीच्या कक्षेत बसत नाही' असा शेरा आला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूत चाले, हे खरे. परंतु त्याच निजामाच्या राजधानीत ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधीही बसत असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दूतून उच्च शिक्षण दिले, ही इंग्रजीच्या मक्तेदारीवर मात होती, आणि मराठी घरातून तिथे गेलेल्या मुलासाठी मात्र उर्दूही सत्तेचीच भाषा होती. अशा दुहेरी पेचाला जागा नसेल, तर वसाहतोत्तर अभ्यासात फक्त गोऱ्या साहेबाचाच हिशेब होत राहील.

निबंध इंग्रजीतच हवा, ही अटही खटकते. केनियाचे कादंबरीकार न्गूगी वा थिआँगो यांनी इंग्रजीतून कादंबऱ्या लिहिणे सोडून आपली मातृभाषा गिकुयू धरली, पण त्यांच्यावर मराठीतून लिहिलेला निबंध इथे दाखलच होत नाही. मराठी उताऱ्यांचे भाषांतरही शब्दमर्यादेत धरतात, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्याला आजीकडून ऐकलेल्या दोन ओव्या गाळाव्या लागल्या.

एवढे असूनही तोच निबंध पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा पाठवणार आहोत. उस्मानियावरचा एक परिच्छेद तेवढा त्यात वाढवायचा आहे.